सायन्स फिक्शन आणि थ्रिलर सिनेमे: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समीक्षक नाही आणि सिनेमाचं शिक्षणही घेतलेलं नाही. आठवड्यातून एक-दोन रात्री कामं उरकली की दिवे घालवून पिक्चर बघत बसते. त्यातले निम्म्याहून जास्त सायन्स फिक्शन नाहीतर थ्रिलर असतात. ओळखीची माणसं त्याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत. दृश्यांबद्दल भरपूर बोलले आहे, पण कुठल्याही सिनेमाचा शेवट फोडलेला नाही.

हे दोन प्रकार एकत्र कसे? एकात यानं असतात, दुसऱ्यात खून.

मला ते एकाच घरातले वाटतात. दोन्हींत सुरुवातीला एक नियम मांडला जातो आणि पुढचे दोन तास त्या नियमाची कसोटी लागते. सायन्स फिक्शनमध्ये तो नियम जगाचा असतो: या ग्रहावर वेळ हळू चालते, हे यंत्र मागच्या वेळेत नेऊ शकतं. थ्रिलरमध्ये तो परिस्थितीचा असतो: याचा पाय मोडलाय, याला खोलीबाहेर पडता येत नाही. नियम पक्का कळला की मला नीट घाबरता येतं, कारण कुठली दारं बंद आहेत हे मला माहीत असतं.

रिडली स्कॉटचा 'एलियन' (१९७९) घ्या. एक मालवाहू यान, त्यात सात माणसं आणि आत शिरलेला एक जीव. यानाच्या जागी डोंगरावरचा एकटा बंगला ठेवला तरी गोष्ट तशीच भीती घालेल. फरक इतकाच की बंगल्यातून पळून जाता येतं आणि इथे दाराबाहेर हवाच नाही. त्या एका गोष्टीसाठी मला अंतराळ हवं असतं.

विज्ञान चुकीचं दाखवलं तर विरस होत नाही का?

क्वचितच होतो, आणि यावरून माझे सगळ्यात जास्त वाद झाले आहेत.

'ग्रॅव्हिटी' (२०१३) बघा. त्यात अंतराळवीर हबल दुर्बिणीजवळ काम करत असतात. अपघात होतो आणि ते पाठीवरच्या जेटच्या जोरावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघतात. प्रत्यक्षात हबल सुमारे ५४० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून. उंचीतला फरक हा त्यातल्या त्यात लहान अडथळा. खरी अडचण कक्षांच्या तिरकेपणाची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांचा कोन करते आणि स्थानकाची ५१.६ अंशांचा. चालती कक्षा वळवून दुसरीत शिरायला जे इंधन लागतं ते पाठीवर मावणारं नाही. म्हणजे गोष्टीचा पायाच चुकीचा. तरी तो सिनेमा मला मनापासून आवडतो, कारण त्याने स्वतःसाठी जो नियम घेतला तो जवळजवळ शेवटपर्यंत सांभाळला: बाहेर आवाज नाही. निर्वातात ध्वनी पुढे सरकायला माध्यमच नसतं. त्यामुळे स्थानकाच्या चिंधड्या उडतात तेव्हा आपल्याला ऐकू येतो तो नायिकेचा श्वास, आणि तिच्या हातमोज्यातून, पोशाखातून शरीरापर्यंत पोचणारी घरघर. संगीत आहे, पण स्फोटाचा धडाका नाही. डोळ्यांसमोर सगळं फुटतंय आणि कान रिकामे, या विसंगतीने पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

'द मार्शियन' (२०१५) सुरू होतो तो मंगळावरच्या वादळाने. वारा इतका जोराचा की परतीचं यान उलटेल. मंगळाच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथला ताशी शंभर-दीडशे किलोमीटरचा वारा आपल्याला इथल्या झुळकेसारखा लागेल. मूळ कादंबरीच्या लेखकाने ही सूट जाणूनबुजून घेतल्याचं उघड सांगितलेलं आहे. माझं म्हणणं, घेऊ द्या. माणूस मंगळावर एकटा मागे राहायला काहीतरी निमित्त हवंच होतं. त्यानंतर तो बटाटे लावतो, पाणी तयार करतो, दिवस मोजतो, आणि प्रत्येक वेळी हिशेब मांडून दाखवतो. सुरुवातीला एक उसनवारी आणि पुढे काटेकोर कष्ट, हे मला चालतं.

मग तुम्हाला खटकतं तरी काय?

स्वतःच घातलेला नियम अडचण आली की मोडणं. सिनेमाभर सांगितलं की या प्राण्याला फक्त आवाज कळतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तो नजरेने शोधायला लागला. सिनेमाभर सांगितलं की मेलेला परत येत नाही, आणि नायक परत आला. किंवा खुनी म्हणून असा माणूस पुढे केला की ज्याच्याबद्दल आपल्याला एक ओळही सांगितलेली नव्हती. अशा वेळी मला फसवल्यासारखं वाटतं. दोन तास मी त्या माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवून श्वास रोखून बसलेली असते.

चुकीचं विज्ञान ही अज्ञानातून किंवा गरजेपोटी झालेली चूक असते. मोडलेला नियम ही बेइमानी.

रहस्य आणि उत्कंठा यांत काय फरक? दोन्ही सारखंच वाटतं.

थ्रिलरसाठी गाजलेल्या आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हे उलगडून सांगितलं आहे. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधीच पाहिलाय आणि भिंतीवर घड्याळ दिसतंय. त्याच फुटकळ गप्पा आता ऐकवत नाहीत. आपण मनातल्या मनात ओरडत राहतो, 'उठा तिथून!' पंधरा सेकंदांच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांची घालमेल मिळते.

त्याच्याच 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये हे कसं केलंय ते जवळून बघण्यासारखं आहे. पाय प्लास्टरमध्ये असलेला छायाचित्रकार चाकाच्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतींच्या खिडक्या न्याहाळतो. समोरच्या एका शेजाऱ्याने बायकोला मारलं असावं असा त्याला संशय येतो. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच्याच खोलीत असतो, म्हणून आपणही तिथेच अडकतो. मग त्याची मैत्रीण पुराव्यासाठी त्या शेजाऱ्याच्या घरात शिरते. शेजारी परत येतोय हे आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. हा खुर्चीत, मध्ये अख्खं अंगण, हाक मारायची सोय नाही. पुढे ती हात पाठीमागे नेऊन बोटातल्या अंगठीकडे खूण करते. तीच अंगठी, तोच पुरावा. शेजाऱ्याला ती खूण दिसते. तो मान वर करतो आणि सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे बघतो. इतका वेळ आपण चोरून बघत होतो आणि आता आपणच पकडले गेलो. मी दरवेळी इथे खुर्चीत मागे सरकते.

रहस्यात आपल्याला पात्रांइतकंच किंवा त्यांच्याहून कमी ठाऊक असतं. उत्कंठेत थोडं जास्त ठाऊक असतं. जीतू जोसेफचा मल्याळम 'दृश्यम' (२०१३) म्हणूनच मला भारी वाटतो. काय घडलं आणि कोणाच्या हातून घडलं हे लवकरच कळतं. उरतं ते एवढंच, की हे साधं कुटुंब प्रश्नांच्या माऱ्यापुढे टिकेल का. या गोष्टीचे कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी अवतार निघाले. पेच कुठल्याही भाषेत तसाच बसतो.

शेवट आधी कळला तर मजा जाते का?

पहिल्यांदा बघताना जाते, आणि दुसऱ्याचा शेवट फोडणं मला मुळीच पटत नाही. 'सायको' (१९६०) लागला तेव्हा हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता. गोष्ट पहिल्यापासून ज्या क्रमाने रचली आहे त्याच क्रमाने ती पोचावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

पण चांगला सिनेमा दुसऱ्यांदा बघताना वेगळीच गंमत देतो. शेवट ठाऊक असताना आधीच्या खुणा उघड्यावरच ठेवलेल्या दिसतात, आणि दिग्दर्शकाने काहीच लपवलं नव्हतं हे लक्षात येतं. जो सिनेमा शेवट कळल्यावर पुन्हा बघवत नाही, त्यात त्या शेवटाखेरीज फारसं काही नसावं.

मी सायन्स फिक्शन कधीच बघितलेलं नाही. कुठून सुरू करू?

'अरायव्हल' (२०१६). परग्रहावरचे पाहुणे येतात आणि सैन्य बोलावतं एका भाषातज्ज्ञ बाईला. लढाई जवळपास नाहीच. पाहुणे धुरकट काचेपलीकडून शाईसारख्या द्रवाने वर्तुळं काढतात. त्या वर्तुळांत वाक्याला सुरुवातही नसते आणि शेवटही. ती बाई पाटीवर एक शब्द लिहून छातीशी धरते आणि स्वतःकडे बोट दाखवते. दोन अनोळखी जीवांची पहिली ओळख इतकी साधी असू शकते, हे बघून मी हलले होते. ज्यांना यानं आणि लेझर नको असतात त्यांना मी हाच सांगते, आणि अजून कुणी मला नावं ठेवलेली नाहीत.

'२००१: अ स्पेस ओडिसी' खरंच इतका मोठा आहे, की लोक उगाच म्हणतात? मला झोप आली.

झोप येऊ शकते, त्यात कमीपणा काही नाही. स्टॅन्ली क्युब्रिकने तो १९६८ साली आणला तेव्हा माणूस चंद्रावर उतरायला अजून वर्षभर बाकी होतं. सुरुवातीची वीसेक मिनिटं संवादच नाहीत. मला तो तिसऱ्या प्रयत्नात पोचला. कारण साधं होतं: दुपारी, मध्ये उठत-बसत बघणं सोडलं आणि रात्री एका दमात बघितला.

त्यात यानाचा संगणक, हाल, झोपवून ठेवलेल्या तीन शास्त्रज्ञांना मारतो. पडद्यावर किंकाळी नाही, रक्त नाही, हातपाय झाडणं नाही. काचेच्या पेटीत तीन माणसं निजलेली आणि शेजारच्या फलकावर त्यांच्या नाडीच्या, श्वासाच्या रेषा. यंत्रात बिघाड झाल्याचं अक्षरांत उमटतं. मग जीवनक्रिया धोक्यात असल्याचं. रेषा एकेक करून सपाट होतात आणि शेवटी जीवनक्रिया थांबल्याचं उमटतं. बस. थ्रिलरमध्ये शंभर खून बघितले असतील, पण इतका थंड एकही नाही. खुन्याला चेहराच नाही, फक्त एक लाल भिंग.

पुढे हालची स्मृती एकेक पट्टी करून काढली जाते, तेव्हा तो 'डेझी बेल' हे जुनं गाणं म्हणू लागतो. त्याचा आवाज हळूहळू जड होत जातो. १९६१ मध्ये बेल लॅबमध्ये एका आयबीएम संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं, आणि पटकथाकार आर्थर सी. क्लार्कने ते तिथे ऐकलं होतं. हे कळल्यापासून ते दृश्य मला जास्तच लागतं. म्हातारा माणूस जाता जाता बाळपणीचं गाणं म्हणतो, तसं काहीसं.

तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस' (१९७२) बद्दलही हेच विचारतात. त्यात टोकियोच्या रस्त्यांवरून मोटार जातानाचं दृश्य मिनिटामागून मिनिटं चालतं. मला ते लांबलंय असंच वाटतं. बाकीचा सिनेमा मात्र काळजाला हात घालणारा आहे.

जुन्या सिनेमांतले इफेक्ट्स आता खोटे दिसतात. तरी का बघायचे?

सगळे खोटे दिसत नाहीत. '२००१'मध्ये अंतराळवीर चाकासारख्या गोल खोलीत धावत पूर्ण फेरी मारतो. त्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचं खरोखरचं चाक बांधून फिरवलं होतं. नट तळाशी धावत होता आणि खोली त्याच्याभोवती फिरत होती. आजही तिथे डोळा अडखळत नाही, कारण वजन खरं आहे.

शिवाय इफेक्ट जमत नाहीत म्हणून सिनेमा सुधारल्याची उदाहरणं आहेत. 'जॉज' (१९७५) साठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. स्पीलबर्गला तो दाखवणंच शक्य होईना. मग त्याने पाण्याची पातळी दाखवली, ओढले जाणारे पिवळे पिंप दाखवले, आणि जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर वाजवले. पहिला तासभर शार्क धड दिसतच नाही आणि भीती काही केल्या जात नाही. 'एलियन'मधला प्राणीही मोजक्या मिनिटांपुरताच दिसतो. पहिल्या अर्ध्या तासातच राक्षस चारी बाजूंनी फिरवून दाखवणाऱ्या सिनेमांनी यातून शिकावं असं मला फार वाटतं.

कालप्रवासाच्या सिनेमांनी डोकं गरगरतं. ते समजून कसे घ्यायचे?

पहिल्यांदा सगळं समजलंच पाहिजे हा हट्ट सोडा. 'प्रायमर' (२००४) मला आजही पूर्ण उलगडलेला नाही, तरी माझ्या आवडत्या पाचांत तो आहे. अवघ्या ७,००० डॉलरांत बनलेला, ७७ मिनिटांचा. दोन अभियंते गॅरेजमध्ये काहीतरी जुळवताना अपघाताने कालयंत्र बनवतात. नियम असा: यंत्र ज्या क्षणी सुरू केलं त्याच्या मागे जाता येत नाही, आणि सहा तास मागे जायचं तर सहा तास पेटीत पडून राहायचं. फुकट काही नाही. म्हणून हे दोघं काय करतात, तर सकाळी यंत्र चालू करून दिवसभर हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून बसतात, फोनसुद्धा घेत नाहीत. कारण त्याच वेळी बाहेर त्यांचीच दुसरी प्रत हिंडणार आहे आणि तिच्या वाटेत यायचं नाही. कालप्रवास म्हणजे दिवसभर खोलीत लपून बसणं, हे इतकं पटण्याजोगं आहे की पुढचा गुंता मी आनंदाने सोसते.

'मेमेंटो' (२०००) लोक याच गठ्ठ्यात टाकतात, पण त्यात कालप्रवास नाही. रंगीत दृश्यं उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल सुलट, आणि दोन्ही शेवटी एकमेकांना भेटतात. नायकाला नव्या आठवणी टिकत नाहीत, म्हणून आपल्यालाही आधीचं काही ठाऊक नसतं. एवढं धरून बसलात की सुटेल.

थ्रिलरमध्ये गाणी चालतात का?

मला नको असतात. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) आणि यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) हे दोन्ही बिनगाण्यांचे हिंदी सिनेमे आहेत, त्या काळात. ते बघितल्यावर गाण्यांवाचून चालत नाही हे म्हणणं मला पटेनासं झालं.

रक्त, हिंसा बघवत नाही. थ्रिलर माझ्यासाठी नाहीच का?

नक्की आहे. मलाही चिरफाड बघवत नाही. 'सायको'मधलं न्हाणीघरातलं दृश्य साधारण ४५ सेकंदांचं, चित्रीकरणाला सात दिवस लागले, आणि रक्त म्हणून वापरलं चॉकलेट सिरप. कृष्णधवलमध्ये ते ओळखू येत नाही. आपल्याला वाटतं सगळं पाहिलं. प्रत्यक्षात डोळ्यांपुढे तुकडे येतात आणि जखम आपण मनात जोडतो. बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर केलेलं संगीत बंद करून ते दृश्य बघा, अर्धी भीती तिथेच ओसरते. फार घाबरलात तर डोळे मिटण्याऐवजी आवाज कमी करा. हा माझा जुना उपाय आहे आणि तो लागू पडतो.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला, पण तुम्हाला पूर्ण न पटलेला सिनेमा?

'इंटरस्टेलर' (२०१४), आणि हे लिहिताना जीवावर येतं, कारण त्याचा मोठा भाग मला अतिशय प्रिय आहे. त्यातल्या कृष्णविवरामागे किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाची समीकरणं आहेत. त्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं, ते गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी. कृष्णविवराजवळच्या त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नियम सांगितला, मग माणसं खाली उतरली, लाटेत अडकली आणि उशीर झाला. परतल्यावर बाप पडद्यासमोर बसून मुलांचे साठलेले निरोप बघतो, २३ वर्षांचे, एकामागून एक. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो, आणि समोर बसलेला माणूस काही तासांनीच म्हातारा झालाय. बोलायला काही नाही, नुसता रडतो. सापेक्षता, म्हणजे वेळ सगळीकडे सारखी चालत नाही ही गोष्ट, माझ्या पोटापर्यंत पोचली ती या दृश्यात.

शेवटाकडे मात्र प्रेमाला गुरुत्वाकर्षणासारखी शक्ती ठरवण्याकडे सिनेमा झुकतो. प्रेम मोठं असतं हे त्या निरोपांच्या दृश्यातच कळलं होतं. ते पुन्हा शब्दांत आणि समीकरणात बसवायची गरज नव्हती.

भविष्याबद्दल हे सिनेमे बरोबर ठरतात का?

मी त्यासाठी बघत नाही. 'ब्लेड रनर' (१९८२) नोव्हेंबर २०१९ मध्ये घडतो. त्यात उडत्या मोटारी आहेत, माणसासारखी माणसं बनवलेली आहेत, पण नायकाला फोन करायला सार्वजनिक बूथमध्ये जावं लागतं. तारीख उलटून गेली तरी त्यातला पाऊस, एकटेपणा आणि खरं माणूस कोण हा प्रश्न जुना झालेला नाही. उलट बाजूने, फ्रिट्झ लँगने १९२९ मध्ये चंद्रावरच्या मुक्या सिनेमात रॉकेट उडवताना ताण वाढावा म्हणून आकडे उलटे मोजले, आणि उलटी मोजणी रूढ होण्यात त्या दृश्याचा वाटा मानला जातो. म्हणजे तीसुद्धा मुळात थ्रिलरचीच युक्ती.

पैसा कमी असेल तर या प्रकारात काही जमतं का?

उत्तम जमतं. 'कोहेरन्स' (२०१३) एका घरात, पाच रात्रींत चित्रित झाला, आणि नटांना संहितेऐवजी रोज फक्त आपापल्या भूमिकेच्या चिठ्ठ्या मिळत. त्यांचा गोंधळ खरा आहे. 'क्यूब' (१९९७) साठी जवळजवळ एकच घनाकृती खोली बांधली आणि दिव्यांचे रंग बदलून तिचा चक्रव्यूह केला.

न आवडलेला सिनेमा अर्ध्यात सोडता का?

चाळीस मिनिटं देते. तोवर नियम कळला नाही तर बंद करते.

एकच दृश्य पुन्हा बघायचं असेल तर?

क्रिस मार्करच्या 'ला जेते'मधलं (१९६२). अठ्ठावीस मिनिटांचा हा सिनेमा जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. युद्धानंतर जमिनीखाली कोंडलेल्या एका माणसाला भूतकाळात पाठवतात, आणि तिथे त्याला एक बाई भेटते. ती निजलेली असतानाची छायाचित्रं एकात एक विरघळत जातात. डोकं इकडे, मग किंचित तिकडे. पक्ष्यांची किलबिल वाढत जाते. आणि एकदम, सबंध सिनेमात एकदाच, चित्र हलतं. ती डोळे उघडते, आपल्याकडे बघते, पापण्या लवतात. काही सेकंदच. लगेच पुन्हा स्थिर चित्र येतं, प्रयोग करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं.